मुलांना प्रश्न विचारायला आणि ऐकून घ्यायला कसे शिकवतात? ख्रिस्ती शिक्षणातील चर्चापद्धतीची ओळख

रविवारची शब्बाथ शाळा असो, चर्चमधला धर्मशिक्षणाचा वर्ग असो किंवा घरातली संध्याकाळची प्रार्थना, मुले काही प्रश्न हमखास विचारतात. देवाला कोणी निर्माण केले? नोहाच्या तारवात मासे होते का? माझी मैत्रीण ख्रिस्ती नाही, मग ती स्वर्गात जाणार नाही का? माशांचा प्रश्न हसण्यावारी जातो. पहिल्या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते. तिसऱ्याला बहुतेक वेळा मिळते ते एवढेच : "असं विचारू नये." पण तो प्रश्न विचारणारी मुलगी सोमवारी शाळेत त्याच मैत्रिणीशेजारी डबा उघडून बसते. प्रश्न काही जात नाही, तो विचारण्याची जागा तेवढी जाते.

अशा प्रश्नांना जागा देणारी, आणि ती देताना वर्गाचा गोंधळ होऊ न देणारी, एक पद्धत ख्रिस्ती शिक्षणात हळूहळू घडत आली आहे. तिला एकच एक नाव नाही. वेगवेगळ्या पंथांनी आणि देशांनी तिचे वेगवेगळे तुकडे घडवले. मुलांनी विचार करून प्रश्न मांडावा, दुसऱ्याचे पुरते ऐकावे, मतभेद झाला तरी माणसाचा मान ठेवावा आणि हे सगळे बायबलच्या आधाराने व्हावे, हा तिचा गाभा.

बायबलमध्ये प्रश्नांना जागा आहे का?

आहे, आणि बरीच आहे. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची गोष्ट येते. वल्हांडण सणाहून परतताना तो मागे राहतो, आईवडील तीन दिवस शोधतात आणि तो सापडतो मंदिरात, गुरूंच्या मध्ये बसलेला. तो तिथे काय करत होता, हे सांगताना लूक आधी ऐकण्याचा उल्लेख करतो आणि मग प्रश्न विचारण्याचा. अनेक शिक्षक मुलांना हा क्रम मुद्दाम दाखवतात.

मोठेपणीचा येशूही प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देताना वारंवार दिसतो. माझा शेजारी कोण, असे एक शास्त्री विचारतो. येशू व्याख्या देत नाही. तो चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगतो आणि शेवटी त्यालाच विचारतो की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला. कर द्यावा की नाही या कात्रीत पकडू पाहणाऱ्यांना तो नाणे दाखवायला सांगतो आणि त्यावर कोणाचा मुखवटा आहे ते विचारतो. दोन्ही वेळा उत्तर समोरच्याच्या तोंडून बाहेर पडते.

थोमाची गोष्ट तर खास याच विषयाची आहे. पुनरुत्थित येशूला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे तो बाकीच्या शिष्यांना तोंडावर सांगतो. आठवड्याने येशू पुन्हा येतो तेव्हा थोमा त्यांच्यातच असतो. शंका बोलून दाखवली म्हणून कोणी त्याला गटाबाहेर काढलेले नसते. 'संशयी थोमा' हे विशेषण लक्षात राहते, पण त्या मधल्या आठवड्याकडे फार कोणी पाहत नाही. शिवाय ईयोब आहे, हबक्कूक संदेष्टा आहे, तक्रारीची स्तोत्रे आहेत. ही सगळी मंडळी देवालाच जाब विचारतात आणि त्यांचे लिखाण पवित्र शास्त्रातच आहे.

जुनी वाट : प्रश्नोत्तरी

प्रश्नांतून धर्म शिकवणे ख्रिस्ती परंपरेला नवे नाही. मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ मध्ये घरांतून वापरण्यासाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. दहा आज्ञांपैकी प्रत्येक आज्ञेनंतर तिचा अर्थ काय, असा प्रश्न तीत येतो. इंग्लंडात १६४७ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. आपल्याकडे 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीत ख्रिस्ती सिद्धांताची संवादरूप पुस्तिका रचली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे छापली गेली.

या पद्धतीत प्रश्न मोठ्यांचा असतो आणि उत्तरही मोठ्यांचेच. मुलाने ते आपल्या आवाजात म्हणायचे. म्हणून तिला 'घोकंपट्टी' म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण ते पुरते न्याय्य नाही. कृपा, पाप, क्षमा, तारण हे शब्दच ठाऊक नसतील तर मूल शंका तरी कशाच्या आधारे मांडणार? प्रश्नोत्तरी शब्द पुरवते. अडचण येते ती तिथेच थांबल्यावर. शंभर उत्तरे पाठ असलेल्या मुलाला एकशे एकावा प्रश्न पडतो तेव्हा त्याच्याकडे शब्द असतात, पण विचारायला माणूस नसतो.

रोममधला एक प्रयोग

१९५४ मध्ये रोममध्ये सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी लहान मुलांसाठी वेगळ्या प्रकारचा धर्मशिक्षण वर्ग सुरू केला. कावालेत्ती हिब्रू भाषेच्या आणि बायबलच्या अभ्यासक होत्या, तर गोब्बी माँटेसरी शिक्षिका. 'उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण' या नावाने हा वर्ग पुढे अनेक देशांत गेला. तीन ते सहा, सहा ते नऊ आणि नऊ ते बारा असे वयोगट. मुलांच्या उंचीची कपाटे. लाकडी मेंढवाडा, मेंढपाळ आणि मेंढरे. शिक्षिका गोष्ट सांगते, आकृत्या हलवते आणि मग मुलांसमोर प्रश्न ठेवते : हा मेंढपाळ कोण असेल? ही मेंढरे कोण असतील? उत्तर सांगून टाकण्याची तिला मुभा नसते. काही मुलांना ते सापडायला कित्येक आठवडे लागतात आणि ते चालते.

कावालेत्ती यांच्याकडून प्रेरणा घेऊन अमेरिकेतील एपिस्कोपल धर्मगुरू जेरोम बेरीमन यांनी 'गॉडली प्ले' ही पद्धत विकसित केली. यात मुले जमिनीवर गोल करून बसतात. गोष्ट सांगणारी व्यक्ती मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहत नाही. ती समोरच्या वाळूकडे, कापडाकडे, लाकडी माणसांकडे पाहते, त्यामुळे मुलांची नजरही गोष्टीवर राहते. नंतर चार प्रश्न येतात. गोष्टीतला सर्वांत आवडलेला भाग कोणता? सर्वांत महत्त्वाचा कोणता? यात तू कुठे आहेस, किंवा कोणता भाग तुझ्याबद्दल आहे? आणि कोणता भाग काढून टाकला तरी गोष्ट पुरी राहील? चौथा प्रश्न वरवर खोडसाळ वाटतो. पण मुले सर्वाधिक भांडतात ती त्यावरच, कारण काय काढायचे हे ठरवताना गोष्ट कशावर उभी आहे ते शोधावे लागते.

हे चारही प्रश्न 'मला कुतूहल वाटते की…' अशा सुराने विचारले जातात. मराठीत हा सूर "काय वाटतं, … असेल?" असा सहज येतो. "सांगा बरं, … कोण?" म्हटले की लगेच परीक्षा सुरू होते आणि हात वर करणारी तीच चार मुले उरतात.

एक उदाहरण : द्राक्षमळ्यातले मजूर

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली ही गोष्ट चर्चेसाठी फार सोयीची आहे, कारण मुलांना ती साफ अन्यायाची वाटते. मळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो आणि दिवसाची मजुरी एक दिनार ठरवतो. मग तो सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा बाजारात जाऊन आणखी माणसे आणतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार मिळतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

महाराष्ट्रातल्या मुलांना मजूर नाका ठाऊक असतो. सकाळी घमेले, थापी, डबा घेऊन उभी असलेली माणसे त्यांनी पाहिलेली असतात. दुपारपर्यंत काम न मिळालेला माणूस घरी काय घेऊन जातो, हा प्रश्न शिक्षकाला बाहेरून आणावा लागत नाही.

आठ ते बारा वर्षांच्या गटात ही चर्चा साधारण अशी चालवता येते. आधी गोष्ट दोनदा वाचायची. दुसऱ्यांदा मुलांनी वाचायची. मग दोन मिनिटे कोणी बोलायचे नाही, प्रत्येकाने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या मध्ये टाकायच्या आणि गटाने त्यांतला एक निवडायचा. समजा निवडला गेला "मालकाने चूक केली का?". पहिली काही उत्तरे ठाम येतात : हो, चूकच. इथे शिक्षकाने "पण देवाची कृपा…" असे सुरू केले की चर्चा संपली. त्याऐवजी तो विचारतो : चूक म्हणजे नक्की कोणाचे काय गेले? पहाटेच्या मजुराला ठरल्यापेक्षा कमी मिळाले का? मालकाने शेवटच्यांना आधी पैसे का दिले असतील, ते कोणी पाहिलेच नसते तर कुरकुर झाली असती का? संध्याकाळपर्यंत त्या लोकांना कोणी का नेले नसेल?

शेवटच्या प्रश्नावर वर्ग बहुधा वळतो. कोणी म्हणते आळशी असतील. कोणी म्हणते म्हातारे असतील. ज्याचे वडील कंत्राटी कामावर आहेत तो कदाचित काहीच म्हणत नाही, आणि शिक्षकाने त्याला बोलायला लावू नये.

चर्चा "मालक बरोबर होता" या निष्कर्षावर पोहोचलीच पाहिजे असे नाही. देवाचे राज्य आपल्या हिशेबासारखे नाही, हा या दाखल्याचा रूढ अर्थ शिक्षकाने शेवटी सांगावा, लपवू नये. मात्र आधी मुलांना त्या हिशेबाचा राग यायला हवा. गोष्टीतल्या मजुरांनाही तो आलाच होता.

ऐकण्याचे नियम

गोलात बसण्याला स्वतःचा इतिहास आहे. अमेरिकेतील फिलिप्स एक्सेटर अकादमीला १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस यांनी मोठी देणगी दिली, आणि तिथे एका लंबगोल टेबलाभोवती डझनभर विद्यार्थी आणि एक शिक्षक अशी वर्गरचना रूढ झाली. मागचा बाक उरत नाही, हा तिचा साधा फायदा. पण सगळ्यांचे चेहरे समोर आल्याने आदर आपोआप येत नाही. त्यासाठी काही सवयी लावाव्या लागतात, आणि इथे ख्रिस्ती परंपरेकडे देण्यासारखे बरेच आहे.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकाच्या आरंभीच एक अट आहे. दुसऱ्याचे विधान खोडून काढण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्याची तयारी आधी ठेवावी. तसा अर्थ लागत नसेल तर तुला काय म्हणायचे आहे, असे त्यालाच विचारावे. तो खरोखर चुकत असेल तर प्रेमाने दुरुस्त करावे. दहा वर्षांच्या मुलासाठी याचे भाषांतर सोपे आहे : "तू चुकतोयस" म्हणण्याआधी "तुला असं म्हणायचंय का?" विचार. समोरचा "हो" म्हणेपर्यंत आपला मुद्दा मांडायचा नाही. हा एकच नियम पाळला तरी अर्धी भांडणे निम्म्यावर विरतात, आणि तो मोठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही लागू पडायला हरकत नाही.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या क्वेकर पंथाकडून दुसरी सवय घेता येते : दोन बोलण्यांच्या मध्ये शांतता. एकाचे संपले की लगेच दुसऱ्याने सुरू करायचे नाही. याच पंथात एखाद्या व्यक्तीला निर्णय घेताना मदत करण्यासाठी छोटा गट बसतो, आणि त्यात सल्ला देण्याऐवजी प्रामाणिक प्रश्न विचारायचे असतात. प्रामाणिक म्हणजे ज्याचे उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नाही असा. "तुला नाही का वाटत की तू आईची माफी मागावीस?" हा प्रश्न नाही, प्रश्नचिन्ह लावलेला उपदेश आहे. मुलांना हा फरक पटकन कळतो. मोठ्यांना वेळ लागतो.

शांततेला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच बोलतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. तीन सेकंद कागदावर किरकोळ दिसतात. वर्गासमोर उभे राहून थांबून पाहिले की ते किती लांब असतात ते कळते.

बायबलमधली आधाराची वचने शिक्षक वर्गात लावतात ती साधारण ठरलेली : ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असावे असे सांगणारे याकोबाचे पत्र, आणि ऐकून घेण्याआधी उत्तर देणे मूर्खपणाचे ठरवणारे नीतिसूत्रांचे अठरावे प्रकरण. त्याच प्रकरणात, पहिल्याची बाजू खरी वाटते पण दुसरा येऊन तपासेपर्यंतच, अशा अर्थाचेही वचन आहे. भिंतीवर ते कमी दिसते. मुलांना ते अधिक आवडते.

किशोरवयीन गटांसाठी बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांमध्ये रुजवलेली 'पाहा, पारखा, कृती करा' ही तीन पायऱ्यांची रीत जगभर वापरली जाते. दृढीकरणाच्या तयारीतील मुलांना तिचा उपयोग होतो, कारण त्या वयात नुसत्या चर्चेचा कंटाळा येतो.

आदर म्हणजे गप्प बसणे नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'आईबापाचा मान राख' ही आज्ञा आणि 'फादर किंवा पाळक सांगतील ते ऐकायचे' ही घरातली शिस्त यांची अनेकदा सरमिसळ होते. मोठ्यांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, असे शिकलेले मूल मोठ्या माणसाने चुकीचे काही केले तरी बोलत नाही. जगभरातील चर्चमधील बाललैंगिक अत्याचारांची प्रकरणे वर्षानुवर्षे दाबली गेली. मुलांवर विश्वास न ठेवणे आणि अधिकारी व्यक्तीवर शंका घेण्याची भीती ही त्यामागची मोठी कारणे होती. म्हणून चर्चेच्या पहिल्याच तासाला मुलांना सांगावे की काही गोष्टी गोलात मांडायच्या नसतात, पण विश्वासू मोठ्या माणसाला एकट्याने नक्की सांगायच्या असतात, आणि त्या सांगणे म्हणजे कोणाचा अपमान नव्हे. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील स्वयंसेवक त्याला अपवाद नाहीत.

उत्तर आधीच ठरलेले असेल तर ही चर्चा खरी कशी?

हा आक्षेप वजनदार आहे. मॅथ्यू लिपमन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत 'मुलांसाठी तत्त्वज्ञान' ही चळवळ सुरू केली. तिच्यात गट तर्काच्या मागे जाईल तिथे जातो. ख्रिस्ती वर्गात मात्र काही श्रद्धा वर्गाला पायाभूत असतात आणि शिक्षक त्या मानत असतो. ते नाकारून "इथे सगळे खुले आहे" असे भासवले तर मुलांना फसवणूक कळते. प्रामाणिक शिक्षक सांगतो : चर्चची शिकवण ही आहे, मी ती मानतो, तुझी शंका मला कळते आणि तू ती इथे बोलू शकतोस. माहीत नसेल तर "मला माहीत नाही, पुढच्या रविवारी पाहून सांगतो" म्हणतो आणि खरोखर पाहून येतो.

या प्रश्नावर महाराष्ट्राकडे स्वतःचे मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक गोष्टींवर प्रश्न उभे केले. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार आणि अवज्ञा दिसली. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांचा कल मात्र त्या शंका विचारी माणसाच्या शंका मानून सविस्तर उत्तर देण्याकडे होता. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. रमाबाईंनी कोणाच्याही दडपणाखाली आपले मत सोडले नाही आणि ख्रिस्तावरची श्रद्धाही सोडली नाही. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांना "असं विचारू नये" म्हणून गप्प करण्यात कोणी यशस्वी झाले असते, तर मराठी ख्रिस्ती समाजाचे काय गेले असते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुले असतील तर?

ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत हेच चित्र असते. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार, शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. त्यामुळे अशा शाळांत मूल्यशिक्षणाच्या तासाला चर्चेची रीत तीच ठेवून विषय सर्वांचा घेतला जातो : वर्गात खोटे बोलून मित्राला वाचवावे का, खेळात हरलेल्याला चिडवणे कधी चेष्टा असते आणि कधी छळ. "तुझा शेजारी कोण?" या प्रश्नासाठी कोणाचाही धर्म आडवा येत नाही.

सुरुवातीच्या मैत्रिणीच्या प्रश्नावर पंथापंथांत उत्तरे वेगळी आहेत. कॅथोलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ च्या दस्तऐवजात, आपल्या दोषाशिवाय ख्रिस्ताला न ओळखणारे पण मनापासून देवाचा शोध घेणारे लोकही तारण मिळवू शकतात असे म्हटले. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या ख्रिस्तावरील विश्वास अनिवार्य मानतात, तर काही निवाडा देवावर सोडतात. मुलीला आपल्या मंडळीची भूमिका तिच्या वयाला पेलेल अशा शब्दांत सांगावी. मग थोडे थांबून तिला विचारावे की हा प्रश्न तिला आज का पडला. बऱ्याचदा शाळेत कोणीतरी काहीतरी बोललेले असते.